राजकारण मैदानांत शिरलें केव्हां?

खेळांत राजकारण आणूं नये, हें वाक्य आपल्याकडे इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, त्याचा नेमका अर्थ काय असें विचारण्याची गरजहि कोणास भासत नाहीं. अमुक देशाशीं सामना खेळावा कीं न खेळावा असा वाद निघाला, एखाद्या नटानें सभेंत चार स्पष्ट उद्गार काढले, किंवा एखाद्या नाटकावर आक्षेप आला, कीं हें वाक्य ठरल्यासारखें पुढें येतें. त्यांत गृहीत धरलेली गोष्ट अशी कीं, क्रीडांगण ही मुळांत एक निर्मळ जागा आहे आणि राजकारण हा बाहेरून घुसणारा आगंतुक आहे. त्यास वेशीवरच अडविलें म्हणजे खेळ पूर्वीसारखा शुद्ध राहील. ही समजूत कितपत खरी आहे, हें तपासण्यास मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास फार उपयोगीं पडतो. ज्या तिरंगी, चौरंगी आणि पंचरंगी सामन्यांनीं सुमारें चाळीस वर्षें मुंबईस वेड लाविलें, त्यांची जन्मापासून अंतापर्यंतची हकीकत पाहिली तर आगंतुक कोण आणि घरचा कोण, याचा निवाडा वाटतो तितका सोपा नाहीं असें दिसून येईल.

हिंदुस्थानांत क्रिकेट प्रथम उचललें तें पारशी मंडळींनीं. १८४८ सालीं मुंबईच्या पारशी तरुणांनीं ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ स्थापन केला. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर हे तरुण खेळत. पुढें १८७५ सालीं गोर्‍या लोकांचा बाँबे जिमखाना निघाला, आणि त्यांतील साहेबलोक त्याच मैदानाच्या देशी बाजूस घोड्यावर बसून पोलो खेळूं लागले. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडून निघे. दुसर्‍या दिवशीं त्या खांचखळग्यांत चेंडू कसा उसळेल याचा नेम नसे. जिमखान्याची स्वतःची हिरवळ मात्र कुंपणाआड सुरक्षित होती. पारशांनीं व इतर हिंदी खेळाडूंनीं सरकारकडे अर्जविनंत्या केल्या. हा झगडा बरीच वर्षें चालला. मध्यें त्यांस थोडें यश आलें, तें पुनः हातचें गेलें. या लढ्याची हकीकत शापुरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्या पुस्तकाच्या नांवांतच युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट असा स्पष्ट उल्लेख आहे. मैदान कोणाचें, त्यावर पहिला हक्क कोणाचा आणि तो ठरविणार कोण, हे प्रश्न राजकारणाचे नव्हेत तर कशाचे? मुंबईच्या क्रिकेटच्या आरंभींच ते उपस्थित झाले होते.

याच काळांत पारशांचा खेळ झपाट्यानें सुधारला. १८८६ व १८८८ सालीं त्यांचे संघ विलायतेस जाऊन आले, आणि १८९० च्या जानेवारींत इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघास त्यांनीं मुंबईंत हरविलें. त्याच वर्षीं लॉर्ड हॅरिस हे मुंबईचे गव्हर्नर झाले. हे गृहस्थ स्वतः इंग्लंडच्या संघाचे कर्णधार राहिलेले. त्यांच्या कारकीर्दींत पारशी व युरोपियन यांचे वार्षिक सामने सुरू झाले, आणि समुद्राकांठच्या जमिनीवर पारशी, मुसलमान व हिंदु यांचे जिमखाने एकाशेजारीं एक असे उभे राहिले. ते आजहि मरीन ड्राइव्हवर ओळीनें उभे आहेत. जमीन मिळाली हें चांगलेंच झालें. परंतु ती मुंबईच्या क्रिकेट खेळणार्‍या तरुणांस म्हणून मिळाली नाहीं, धर्मवार मिळाली. हा दोष एकट्या सरकारचा म्हणतां येणार नाहीं. आपल्या लोकांचे क्लबहि आधींपासून जातवार व धर्मवार निघाले होते, आणि मागणीहि तशीच होती. सरकारनें त्या भिंतींस पाया घालून दिला, इतकेंच.

१९०७ सालीं हिंदु संघ सामील होऊन सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. या दोन वर्षांच्या मध्यें, १९०९ च्या सुधारणांनीं कायदेमंडळांत मुसलमानांकरितां वेगळे मतदारसंघ निर्माण केले होते. एक दुसर्‍याचें कारण होतें असें मुळींच नव्हे. पण कायदेमंडळांत आणि मैदानावर माणसांची मोजदाद एकाच मापानें होऊं लागली होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आणि तरीहि त्या वेळीं या सामन्यांस कोणी राजकारण म्हटलें नाहीं. त्यांस खेळच म्हणत.

याच्या शेजारीं त्याच काळांतील दुसरें चित्र ठेवून पाहावें. १९०७ सालींच, म्हणजे तिरंगी सामने सुरू झाले त्याच वर्षीं, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलें. कथानक महाभारतांतलें, विराटाच्या दरबारांतलें. पण कीचकाच्या उन्मत्तपणांत प्रेक्षकांस लॉर्ड कर्झनचें रूप दिसूं लागलें आणि थिएटरें भरूं लागलीं. १९१० सालीं सरकारनें प्रयोगांस बंदी केली. करमणुकीच्या जागेंत राजकारण शिरलें, हा त्यावरचा आरोप होता. म्हणजे एकाच शहरांत, एकाच राज्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत, धर्मावरून माणसें वेगळीं काढून त्यांस परस्परांविरुद्ध उभें करणें ही निर्दोष करमणूक ठरली, आणि द्रौपदीची पुराणी कथा मात्र राजकारण ठरली. ज्या व्यवस्थेची संवय झालेली असते तिला आपण राजकारण म्हणत नाहीं. तिच्याविरुद्ध कोणी तोंड उघडलें कीं तो शब्द आपणांस आठवतो.

ही गोष्ट बाळू पालवणकर यांच्या चरित्राइतकी दुसर्‍या कशानेंहि स्पष्ट होत नाहीं. पालवणकर हे मूळचे कोंकणांतील पालवणचे. त्या काळीं अस्पृश्य लेखलेल्या चर्मकार समाजांत त्यांचा जन्म झाला. वडील फौजेच्या नोकरींत असल्यानें कुटुंब पुण्यास होतें. तेथें पारशांच्या क्लबांत मैदान झाडण्यासवरण्याचें काम दरमहा ३ रुपयांवर बाळूंनीं धरलें, आणि पुढें ४ रुपयांवर ते गोर्‍यांच्या पूना क्लबांत गेले. साहेबांच्या सरावासाठीं तासन् तास चेंडू टाकतां टाकतां त्यांची डावखुरी गोलंदाजी विलक्षण तयार झाली. ग्रेग नांवाचा नामांकित फलंदाज आपणांस बाद केल्याबद्दल त्यांस दर वेळीं ८ आणे देई, अशी कथा सांगतात. बाद करण्याबद्दल पैसे मिळत. फळी हातीं घेण्याची संधि मात्र त्यांस तेथें मिळत नसे.

पुण्याच्या हिंदु खेळाडूंस साहेबांवर विजय मिळवावयाचा होता, म्हणून पुष्कळ भवति न भवति होऊन बाळूंस संघांत घेण्यांत आलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सगळे झेलीत. पण चहाच्या वेळीं इतर खेळाडू आंत बसून चिनीमातीच्या पेल्यांतून चहा पीत आणि बाळूंस बाहेर मातीच्या बोळक्यांतून तो दिला जाई. जेवणाचें पानहि वेगळें. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास होता. विजयासाठीं माणूस हवा आणि पंगतीस नको, हा हिशेब ज्यांनीं मांडला त्यांस आपण खेळांत कांहीं भलतेंच आणीत आहों, असें क्षणभरहि वाटलें नसावें.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले आणि हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वांटा होता. त्या विजयाचा आनंद नुसता खेळाचा नव्हता. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळांत नमविल्याचें समाधान त्यांत होतें. आणि त्याबरोबरच, ज्यांस गांवांत शिवूं द्यावयाचें नाहीं त्यांच्या खांद्यावर हा विजय आला आहे, ही टोंचणीहि विचारी लोकांस लागली. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली, परंतु बाळूंनीं त्या दौर्‍यांत ११४ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईंत त्यांच्या समाजानें त्यांचें स्वागत केलें. त्या समारंभांत तरुण भीमराव आंबेडकरांचाहि भाग होता.

इतकें करूनहि हिंदु संघाचें कर्णधारपद बाळूंस मिळालें नाहीं. वर्षानुवर्षें त्यांच्याहून कमी अनुभवाचे, पण वरच्या जातींत जन्मलेले गृहस्थ त्या जागीं निवडले गेले. बाळूंचे भाऊ शिवराम, विठ्ठल व गणपत हेहि संघांतून खेळले. १९२० सालीं निवडीच्या वेळीं पुनः तोच प्रकार झाला, तेव्हां विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि जातीमुळें आपणांस डावललें जात आहे, असें जाहीरपणें सांगितलें. मोठा गाजावाजा झाला. गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या प्रचारानें वातावरण बदलत चाललें होतें. अखेर त्याच वर्षीं बाळूंस उपकर्णधारपद देण्यांत आलें. १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीं अंतिम सामन्यांत युरोपियनांस हरवून त्यांनीं चषक जिंकला. ज्या बाँबे जिमखान्याचें सभासदत्व हिंदी माणसास मिळत नसे, त्याच्याच मैदानावर लोकांनीं त्यांस खांद्यावर घेऊन मिरविलें.

आतां १९२० च्या या प्रसंगास नांव काय द्यावें? दोघां भावांनीं खेळांत राजकारण आणलें, असें म्हणणारे त्या वेळीं निघाले असतील तर नवल नाहीं. पण खरें पाहतां तें तेथें आधींच होतें. या दोघांनीं त्याचें नांव मोठ्यानें उच्चारलें, एवढेंच. निषेध झाला नसता तर विठ्ठलांचें कर्णधारपद आणखी किती वर्षें लांबलें असतें कोण जाणें!

येथपर्यंतची हकीकत वाचून एखादा वाचक असा निष्कर्ष काढील कीं, मैदानावर सगळेंच राजकारण सारखें व सगळेंच क्षम्य. तसें मात्र नाहीं. पंचरंगी सामन्यांच्या अखेरच्या वर्षांकडे पाहिलें म्हणजे हा भेद करतां येतो.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळें १९३० पासून कांहीं वर्षें हे सामने बंद पडले होते; ते १९३४ सालीं पुनः सुरू झाले. त्याच सालीं प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धाहि निघाली, पण लोकांची झुंबड उडे ती चौरंगीस. १९३७ सालीं ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी वगैरे जमातींचा मिळून पांचवा संघ आला. त्याचें नांव ‘रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’. सामने नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर व्हावयाचे होते. तेथें कोणत्या जिमखान्यास प्रेक्षकांच्या किती जागा मिळाव्या यावरून तंटा झाला आणि त्या वर्षीं हिंदु संघ खेळलाच नाहीं. कायदेमंडळांतील जागांवरून देशांत जो वाद पेटला होता, त्याचीच ही लहान आवृत्ति होती. ‘जागा’ हा शब्दसुद्धां तोच. याच १९३७ च्या निवडणुकींत बाळू पालवणकर काँग्रेसच्या वतीनें मुंबईच्या कायदेमंडळासाठीं उभे राहिले. १९३२ च्या पुणें करारावरहि त्यांची सही होती. त्यांचे प्रतिस्पर्धी होते डॉ. आंबेडकर. आंबेडकर १३,२४५ मतें मिळवून निवडून आले आणि बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. मैदानावरची कीर्ति राजकारणाच्या पक्षांस किती हवीशी वाटते, याचा हा जुना दाखला आहे.

१९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याची मंडळी वर्ध्यास गांधींकडे सल्ल्यास गेली. गांधींनीं सामने बंद व्हावेत असें म्हणणार्‍यांकडे आपला कल दर्शविला. त्यांचीं कारणें दोन होतीं. एक असें कीं, युरोपांत महायुद्ध पेटलें आहे, देशांतील पुढारी तुरुंगांत आहेत. अशा वेळीं हा उत्सव शोभत नाहीं. दुसरें असें कीं, कॉलेजाकॉलेजांतील किंवा संस्थासंस्थांतील सामने समजूं शकतात, पण हिंदु, पारशी, मुसलमान असे धर्मवार संघ कशासाठीं हें आपणांस कधींच उमगलें नाहीं. खिलाडू वृत्तीशीं तें विसंगत आहे. त्या वर्षीं हिंदु संघानें माघार घेतली. ‘बाँबे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनीं पंचरंगीविरुद्ध जोराची मोहीम चालविली, आणि ज्यांच्या धावत्या वर्णनानें हे सामने घराघरांत पोहोंचले होते ते तल्यारखान हेहि विरोधकांस मिळाले.

दुसर्‍या बाजूचें म्हणणेंहि अगदींच टाकाऊ नव्हतें. चाळीस वर्षांत या सामन्यांनीं देशांतले उत्तमोत्तम खेळाडू तयार केले, तिकिटांच्या उत्पन्नावर जिमखाने चालले, आणि मैदानावर धर्माधर्मांत दंगे झाले नाहींत, असें ते म्हणत. आणि तें बव्हंशीं खरें होतें. १९४४ चा अंतिम सामना हिंदु व मुसलमान संघांत झाला. इब्राहिमच्या चिवट फलंदाजीमुळें मुसलमान संघानें केवळ एक गडी राखून तो जिंकला. हिंदु संघाचे कर्णधार विजय मर्चंट यांनीं प्रतिस्पर्ध्यांच्या तंबूंत जाऊन त्यांचें अभिनंदन केलें. बाहेर देशाच्या फाळणीच्या वाटाघाटी फिसकटत असतां आंत असा सभ्यपणा टिकावा, ही लहान गोष्ट नव्हे. असे सामने बंद करा म्हणणें म्हणजेच खेळांत राजकारण आणणें होय, असा या पक्षाचा दावा होता.

पण या दाव्यास जें उत्तर हवें होतें तें एका खेळाडूच्या फळीनें आधींच देऊन ठेवलें होतें. १९४३ च्या डिसेंबरांत अंतिम सामना हिंदु व ‘उरलेले’ यांच्यांत झाला. मर्चंट यांनीं नाबाद २५० धावा काढल्या. ‘उरलेल्यां’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसर्‍या डावांत त्यांच्या एकूण धावा झाल्या ३८७, आणि त्यांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. सामना त्यांनीं हरला, पण तो डाव अजून विसरला गेलेला नाहीं. हे हजारे कोण? सांगलीस जन्मलेले मराठी ख्रिस्ती. प्रो. दिनकर बळवंत देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला, तेव्हां हजारे त्या संघाचा आधारस्तंभ होते. म्हणजे पुण्याच्या मैदानावर जो संस्कृतच्या प्राध्यापकाच्या खांद्यास खांदा लावून महाराष्ट्राचा म्हणून खेळला, तोच मुंबईच्या मैदानावर पाऊल टाकतांच ‘उरलेला’ झाला. माणूस तोच, फळी तीच. बदलली ती फक्त माणसें मोजण्याची रीत. प्रेक्षक कितीहि सुसंस्कृत असोत, ही रीत सभ्यपणानें निर्दोष होत नाहीं.

यावरून गांधींच्या दोन कारणांचें मोल वेगवेगळें आहे हें ध्यानांत येतें. देश दुःखांत आहे म्हणून खेळ थांबवा, हें पहिलें कारण प्रसंगापुरतें होतें. त्यांत खेळाचा दोष कांहींच नव्हता. बाहेरच्या एका मोठ्या कार्यासाठीं मैदान उसनें मागितलें होतें. अशी मागणी कधीं योग्य असेल, कधीं अयोग्य. पण खेळाडूनें तिला प्रत्येक वेळीं मान तुकवावी असें नाहीं, आणि एकदां मैदान उसनें देण्याची संवय लागली म्हणजे मागणारे वाढत जातात, हेंहि खरें. दुसरें कारण मात्र मैदानाच्या आंतलें होतें. कोण कोणाकडून खेळूं शकतो, कोणास बाहेर बसावें लागतें, नेतृत्व कोणास नाकारलें जातें, हे प्रश्न खेळाचेच आहेत. त्यांस राजकारण म्हणून दूर सारणें म्हणजे चालू अन्यायास खेळाचें नांव देणें होय.

हा भेद केवळ आपल्याकडेच उपयोगीं पडतो असें नाहीं. १९६८ सालीं इंग्लंडकडून खेळणारा, पण जन्मानें दक्षिण आफ्रिकेंतील काळा-गोरा मिश्रवंशीय बेसिल डॉलिव्हेरा यानें ओव्हलवर १५८ धावा काढल्या. दक्षिण आफ्रिकेच्या दौर्‍यासाठीं त्यास प्रथम वगळण्यांत आलें, आणि नंतर घेतलें तेव्हां तेथील सरकारनें तो संघ येऊं देण्यास नकार दिला. त्या सरकारचाहि आरोप हाच होता कीं, राजकारणी लोकांनीं खेळ बिघडविला. वर्णावरून संघ निवडणारें राज्य हें म्हणत होतें! १९७४ सालीं भारतानें डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली, पण प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका असल्यामुळें सामना सोडून दिला. खेळाडूंच्या आयुष्यांतली एवढी मोठी संधि हातची गेली, हें त्यांचें नुकसान खरेंच होतें आणि त्याची भरपाई कोणींहि केली नाहीं. असा त्याग मागतांना मागणार्‍यानें हें ओझें दुसर्‍याच्या डोक्यावर पडणार आहे, एवढें तरी विसरूं नये.

१९४२ सालीं ‘छोडो भारत’च्या धामधुमींत पंचरंगी सामने झाले नाहींत. १९४५-४६ च्या हंगामांत ते अखेरचे झाले, आणि १९४६ सालीं नियामक मंडळानें त्यांचा शेवट केला. वर्षभरांत देशाची फाळणी झाली. विजय हजारे पुढें भारताचे कर्णधार झाले, आणि १९५२ सालीं मद्रासेस भारतानें इंग्लंडवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं. त्या दिवशीं ते कोणाचे ‘उरलेले’ नव्हते. बाळू पालवणकर १९५५ सालीं निवर्तले. त्यांस हिंदु संघाचें कर्णधारपद अखेरपर्यंत मिळालें नाहीं.

म्हणून पुढच्या वेळीं कोणी खेळांत राजकारण आणल्याची तक्रार केली, तर तिला होकार किंवा नकार देण्याआधीं वाचकांनीं एक गोष्ट करावी. त्या मैदानावर चहाचे पेले किती प्रकारचे आहेत, तें आधीं पाहून घ्यावें.